थँक्यूऐवजी कॉम्प्युटर

‘थँक्यू’ म्हणायला माणसाला कितीसा वेळ लागतो? तोंडात सुपारी असली तरी फार लागत नाही. पण वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहणाऱ्या प्रभाकरराव झाड्यांना हा एक शब्द वर्ष उलटून गेलं तरी म्हणता आला नव्हता. शेवटी त्यांनी त्याच्याऐवजी कॉम्प्युटर आणायचं ठरवलं. ते त्यांना जास्त सोपं वाटलं. पुढे काय काय झालं ते ऐकलंत म्हणजे तुम्हीच म्हणाल, की बाप्पा, शब्दच परवडला असता.

हा थँक्यू होता सुनेसाठी, दिपालीसाठी. मागच्या उन्हाळ्यात प्रभाकरराव कूलरमध्ये पाणी भरायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा मुकेश नोकरीपायी चंद्रपूरला, रविवारचा येणार. बायकोचे, आनंदाबाईंचे गुडघे नुसता जिना पाहिला तरी दुखणारे. दिपाली तेव्हा वर्ध्याच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होती. तिनं कुणाला न विचारता नोकरी सोडली आणि सासऱ्याला उठवणं, बसवणं, चालवणं, वेळेला रागावणं, सगळं केलं. प्रभाकरराव चालायला लागले. तिची जागा मात्र तोवर दुसऱ्या कुणाला मिळून गेली होती.

आता एवढं केलं पोरीनं, तर दोन गोड शब्द बोलायला काय जात होतं? अहो, पण झाड्यांच्या घराण्यात आभार मानायची रीतच नव्हती. पोटात माया आणि तोंडात ‘आज चहात साखर कमी पडली’, हे त्यांचं वळण. त्यातून प्रभाकरराव पाटबंधारे खात्यातून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. ‘उपरोक्त विषयान्वये’ म्हटल्याशिवाय ज्यांचं वाक्य सुरू होत नसे, ते सुनेपुढे काय बोलणार? तरी दोन-तीनदा ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि “नळ आला होता का सकाळी?” एवढं विचारून परत फिरले. दिपालीला वाटायचं, बाबांना आजकाल पाण्याची फार काळजी लागून राहिली आहे.

उन्हं तापायला लागली आणि सेवाग्रामकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली. दिपालीचं नाव निवडीत आलं. आता एकच पायरी उरली होती, नमुना पाठ. इयत्ता पाचवी, विषय ‘संगणकाचे प्रकार व उपयोग’. शाळेचे तिघे परीक्षक तीन गावांत, म्हणून पाठ ऑनलाइन. आणि अट अशी, की पाठ कॉम्प्युटरवरूनच द्यायचा, मोबाईलवरून दिलेला धरला जाणार नाही. लग्नात आणलेल्या दिपालीच्या लॅपटॉपनं तर केव्हाच मान टाकली होती.

“काजलचा लॅपटॉप मागून घेईन मी,” दिपाली सहज म्हणाली. काजल म्हणजे समोरच्या रूपरावांची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी.

झालं. प्रभाकरराव खुर्चीतून ताठ उठले. “झाड्याईच्या घरची सून लोकाईच्या मशीनवर परीक्षा देईन? आपण आपला कॉम्प्युटर घेऊ.”

हे म्हणताना त्यांच्या मनात आलं, की वर्षभर घशात अडकलेलं जे काही आहे, ते आता एका खोक्यात भरून, दोरी बांधून, ऑटोतून घरी आणता येईल. या विचारानं ते इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी चहाला नावच ठेवलं नाही.

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की आधी ओट्यावर बसायचं आणि चारचौघांत विषय काढायचा, ही नालवाडीची पद्धत. सल्ला घ्यायचा नसतो, नुसतं सांगायचं असतं. पण ओट्यावर बसलेल्या माणसाला हा फरक कधी कळला आहे?

सगळ्यांत आधी बोलले रूपराव. त्यांचा पुतण्या पुण्याला एका मोठ्या महासंगणकाच्या इमारतीत नोकरीला. तिथे तो नेमकं काय करतो, हे रूपराव कधी सांगत नसत. (तो तिथले एसी पाहतो.) “भाऊ, कॉम्प्युटर म्हंजे महासंगणक. अख्ख्या देशाचा पाऊस मोजते तो. बाकीचे सारे कॅल्क्युलेटर!”

“मले पाऊस नाई मोजायचा, रूपराव.”

“आज नाई म्हणून राह्यले, उद्या लागन!”

कोपऱ्यावरचे किराणावाले भैय्याजी पोतं सारून पुढे झाले. “काकाजी, आमच्या दुकानातल्यासारखा घ्या जी. बटन दाबलं का बिल बाहेर. डब्यावरची रेघ दाखवली का भाव सांगते. आमच्या बायकोले जे आठवत नाई ते त्याले आठवते.” हे ऐकून त्यांची बायको दुकानातूनच काहीतरी बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाही.

झाड्यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा दुर्गेश मडावी वनरक्षक होता, बोरच्या जंगलात ड्यूटी. त्याच्याकडे सरकारी टॅब. “टॅब घ्या काकाजी. वाघाचे पाय कुठी दिसले ते आमी याच्यात भरतो. माझा नाल्यात पडला, एकदा माकड घेऊन झाडावर गेलतं. तरी चालू हाये.”

“घरात माकडं नाईत रे बाबा,” प्रभाकरराव म्हणाले. आनंदाबाई आतून नुसत्या हसल्या.

तेवढ्यात काजल गाडी लावता लावता म्हणाली, “काकाजी, माझा लॅपटॉप न्या ना. माझी परीक्षा झाली, नुसताच पडून हाये.” या एवढ्या गर्दीत शहाणपणाचं वाक्य हेच होतं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

प्रभाकररावांचं मत आधीच पक्कं होतं. त्यांच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला एसीची खोली मिळाली होती. साहेबांना नव्हता एसी, पण कॉम्प्युटरला होता. खोलीत चपला बाहेर काढून जायचं, हळू बोलायचं, आणि आत फक्त साहेबांच्या मर्जीतले दोघंच. प्रभाकरराव त्या दोघांत नव्हते. दाराच्या काचेतून त्यांनी जो कॉम्प्युटर पाहिला, तोच त्यांच्या मनात बसला होता: मोठा, टेबलावरचा, मागे वायरींचा जुडगा असलेला. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घ्यायची वस्तू. मांडीवर नातू घ्यावा, कॉम्प्युटर नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

वर्ध्याला सचिन नावाचा पोऱ्या कॉम्प्युटर जोडून विकायचा. त्यानं एकच प्रश्न विचारला, “काकाजी, कशासाठी पायजे?”

वास्तविक या धंद्यातला हाच खरा प्रश्न. पण प्रभाकररावांना तो झोंबला. “कशासाठी म्हंजे? आमी का घेऊ शकत नाई? घरासाठी पायजे!”

“तसं नाई जी. व्हिडिओ जोडायचे, का टायपिंग करायची, का खेळ...”

“सगळ्याईसाठी पायजे.”

सचिननं मग सगळ्यांसाठीचा कॉम्प्युटर जोडून दिला. पेटीएवढा डबा, रुंद पडदा, कीबोर्ड, माऊस. ऑटोत तो बसल्यावर प्रभाकररावांना जागा उरली नाही. ते ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत नालवाडीत शिरले, आणि जो दिसेल त्याला हात दाखवत राहिले. खुब्याच्या ऑपरेशनचा माणूस असा लटकतो का? पण त्या दिवशी त्यांना कोण सांगणार!

आनंदाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्याच. नवी वस्तू, मग ती सायकल असो की मिक्सर, कुंकू लावल्याशिवाय घरात येत नसे. डब्यावर ठसठशीत स्वस्तिक निघालं, पडद्याच्या कडेला हळदीचं बोट लागलं, दारात नारळ फुटला. दिपाली म्हणाली, “आई, माऊसला नको कुंकू, त्याच्या खाली डोळा असतो.” आनंदाबाई म्हणाल्या, “डोळा हाये म्हणून तं लावते.”

आता इंटरनेट हवं. इथे प्रभाकररावांच्या नोकरीतली सगळी कर्मं एकत्र फेडून घेतली गेली. कनेक्शन देणाऱ्या ऑफिसात त्यांनी विजेचं बिल दिलं. बिल वडिलांच्या, गणपतरावांच्या नावावर. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “ज्यांच्या नावाचं बिल आहे त्यांनाच सही करायला आणा.”

“ते वारले.”

“मग ते वारल्याचा दाखला आणा.”

दाखला नेला. त्यावर नाव ‘गणपत’, बिलावर ‘गणपतराव’. मुलीनं कागद परत सरकवले. “हे दोघं एकच आहेत असं लिहून आणा आणि पूर्तता करून सादर करा.”

‘पूर्तता करून सादर करावे!’ हा शेरा प्रभाकररावांनी नोकरीभर लोकांच्या कागदांवर मारला होता. कोणता शेतकरी कुठल्या गावाहून उन्हातान्हात आला आहे, हे मान वर करून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज तो शेरा उलटून कपाळावर आला. ते बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले आणि त्यांना रसही गोड लागला नाही.

शेवटी भैय्याजींनीच तोड काढली. “काकाजी, भिंतीपलीकडं आमच्या दुकानाचं वायफाय हाये ना. तेच वापरा. पासवर्ड ‘मूगडाळ’ हाये.” प्रभाकररावांनी वरवर आढेवेढे घेतले. लोकांच्या मशीनवर परीक्षा नाही द्यायची, पण लोकांच्या मूगडाळीवर दिलेली चालते, असं स्वतःला समजावलं आणि कामाला लागले.

दिपाली खरंच खूश होती. तिनं त्या पडद्यावर पाठासाठी चित्रं काढली, रंग भरले, महासंगणकापासून मोबाईलपर्यंत सगळ्यांची रांग लावली. प्रभाकरराव मागे खुर्ची टाकून बसायचे. एकदा तर ती वळून म्हणाली, “बाबा, किती छान वाटतं हो यावर काम करायला!” प्रभाकररावांनी घसा साफ केला. शब्द अगदी दाताशी आला होता. तेवढ्यात खरोखरच नळ आला.

इकडे आनंदाबाईंच्या शिलाई मशीननं सूर धरला होता. त्या घरात उघडी वस्तू म्हणून राहायची नाही. टीव्हीला झबलं, फ्रिजच्या मुठीला मोजा, मिक्सरला टोपरं. कॉम्प्युटरला तर त्यांनी पूर्ण पोशाख शिवला: पडद्याला पडदा, कीबोर्डला झालरीचं पांघरूण, माऊसला टोपी, आणि डब्याला चहूबाजूंनी बंद असा जाड झगा, आत कापूस भरलेला. कापूस घरचा, अल्लीपूरच्या भावाच्या वावरातला. माहेरचा कापूस म्हटल्यावर त्यांनी हात आखडला नाही. झगा चालू मशीनवरही काढायचा नाही, धूळ जाते, असा हुकूम निघाला.

पाठाच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर घुर्र घुर्र करायला लागला आणि मधूनच बंद पडू लागला. दिपाली कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला वर्ध्याला गेलेली. घाबरलेल्या प्रभाकररावांनी सचिनला फोन लावला.

“हात लावून पाहा, गरम हाये का?” सचिन म्हणाला.

“पोळी भाजन एवढा.”

“मंग हवा लागू द्या त्याले, काकाजी. हवा लागल्याशिवाय नाई चालत ते.”

आता हा सचिन मुळात यवतमाळकडचा, म्हणजे उन्हाच्या बाबतीत वर्ध्याचाच. त्याला कळायला हवं होतं, की मे महिन्यात वर्ध्यात ‘हवा’ म्हणजे काय. बाहेर आगीच्या झळा. पंखा त्याच झळा फिरवून अंगावर टाकतो. ‘हवा लावा’ म्हटलं की इथलं पोरगंसुद्धा उठून कूलर लावतं. त्यातून प्रभाकररावांना आठवली ऑफिसातली एसीची खोली. कॉम्प्युटरला थंड लागतं, हे तर त्यांनी काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

त्यांनी झगा काढला. तेवढं बरोबर केलं. मग ज्या कूलरनं त्यांचं हाड मोडलं होतं तोच ढकलत ढकलत आणला, कॉम्प्युटरच्या थेट पाठीशी लावला, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या, काठोकाठ पाणी भरलं आणि बटण पूर्ण फिरवलं. गार तुषार डब्याच्या भोकांतून आत शिरायला लागले. घुर्र घुर्र थांबलं. प्रभाकररावांनी डब्यावर हात ठेवला. थंडगार! स्वतः ते शेजारच्या खोलीत घाम पुसत बसले, पण कूलर तिथून हलवू दिला नाही. दिपाली परत आली, तेव्हा दार लोटलेलं होतं. “मशीन आराम करून राह्यली, तिले उद्या काम हाये,” असं सांगून त्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही.

सकाळी दिपालीनं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. डब्याच्या तळातून पाण्याचा एक थेंब टपकन फरशीवर पडला.

सचिन धावत आला, डबा उघडून पाहिला आणि डोक्याला हात लावला. “काकाजी, कूलर काऊन लावला?”

“तूच तं म्हणला, हवा लागू द्या!”

सचिननं झाकण पुन्हा बसवलं. “मदरबोर्ड गेला जी. आता याच्यात जीव नाई.”

पाठ अकरा वाजता. चित्रं सगळी त्या डब्यात. प्रभाकरराव भिंतीला टेकून उभे राहिले. एका पोरीनं आपल्यापायी एक नोकरी सोडली, आणि दुसरी आपण आपल्या हातानं, पाणी भरभरून बुडवली. त्यांना रडू यायला लागलं, आणि झाड्यांच्या घराण्यात त्याचीही रीत नव्हती.

दिपालीनं आधी खुर्ची ओढली. “बाबा, तुम्ही बसा. पाय पाहा कसा थरथरतोय. पडाल पुन्हा.” नोकरी जायची वेळ आली आणि ही बाई सासऱ्याच्या खुब्याकडे पाहून राहिली होती! प्रभाकरराव बसले नाहीत. ते पायांत चपला न घालता तापल्या रस्त्यावरून सरळ रूपरावांच्या दारात गेले.

“रूपराव, काजलचा लॅपटॉप पायजे. मी मागायले आलो.”

रूपरावांना बोलायला संधी फार चांगली होती. पण त्यांनी एवढंच म्हटलं, “काऊन एवढा उशीर केला? पोरगी तं कवाची चार्ज करून बसली.”

काजल लॅपटॉप घेऊन आली. पण चित्रं? दिपालीनं पदर खोचला. “गेली तर गेली. खरे कॉम्प्युटरच दाखवू. बाबा, आळीत ज्याच्या घरी जे असेल ते घेऊन यायला सांगा.”

आणि बघता बघता झाड्यांच्या बैठकीत ही गर्दी! भैय्याजींनी गिऱ्हाइकांना “आज हिशेब तोंडी” सांगून बिलाचं मशीन उचलून आणलं, सोबत साबणाची वडी आणि मीठ. वायफायला धक्का न लावता तेवढंच सुटं केलं होतं. दुर्गेश वर्दी घालून टॅब छातीशी धरून उभा. “सरकारी वस्तू हाये, हातातून सोडता येत नाई. मीच धरून उभा राहीन.” रूपराव हात हलवत आले, कारण महासंगणक कुणी आणणार कसा? “पण त्यानं काढलेला अंदाज आणला ना,” असं म्हणून त्यांनी मोबाईलवर आजचं तापमान दाखवलं. आनंदाबाई म्हणाल्या, “कपडे धुवायच्या मशीनमधीबी असते ना काहीतरी? कपडे धुवून झाले का तिले आपोआप कसं समजते?” दिपाली त्यांच्याकडे पाहतच राहिली. हा प्रकार तर तिच्या चित्रांतही नव्हता. मशीन ओढत ओढत बैठकीत आली.

प्रभाकररावांना काम दिलं दोन गोष्टींचं. एक, मेलेला डबा नीट पुसून टेबलावर ठेवणे. दोन, कूलरजवळ बसणे आणि काहीही झालं तरी तो लावू न देणे. आवाजानं पाठ ऐकू आला नसता. सगळे घामानं निथळत होते, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

अकरा वाजता पडद्यावर तीन चेहरे आले. दिपाली शिकवायला लागली आणि प्रभाकररावांना वाटलं, अरे, ही तर दुसरीच कुणी आहे. वर्षभर आपल्याला गोळ्या देणाऱ्या हातांत एवढं बळ होतं? “हा दुकानाचा कॉम्प्युटर. याला एकच काम येतं, पण ते हा चुकत नाही.” भैय्याजींनी वडी दाखवली, मशीन ‘टीं’ म्हणालं. “हा जंगलात जाणारा.” दुर्गेशनं सलाम ठोकला. “हा घरात लपलेला, याला आपण कॉम्प्युटर म्हणतच नाही.” आनंदाबाईंनी मशीनचं झाकण उघडलं. “आणि हा टेबलावरचा. याचं पोट उघडून पाहू.”

“मॅडम, त्याच्यावर कुंकू का आहे?” एका परीक्षकानं पाचवीच्या मुलाचा आवाज काढून विचारलं.

“आमच्याकडे ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याला आधी मान द्यायची पद्धत आहे,” दिपाली म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण भैय्याजींची मूगडाळ बंद! पडद्यावरचे तिन्ही चेहरे गोठले. आणि रूपराव, जे महासंगणकाच्या खाली कधी बोलले नव्हते, त्यांनी खिशातून मोबाईल काढला. “काजल, माझ्या फोनवरून नेट दे. लवकर!” चेहरे पुन्हा हलले. दिपाली जिथे थांबली होती तिथूनच पुढे बोलू लागली.

शेवटी दुसऱ्या परीक्षकानं विचारलं, “मॅडम, मग यातला सगळ्यांत चांगला कॉम्प्युटर कोणता?”

“भाजी चिरायला विळी लागते आणि लाकूड फोडायला कुऱ्हाड,” दिपाली म्हणाली. “आधी विचारायचं, कशासाठी पाहिजे. मग कोणता ते ठरतं.”

दारात उभ्या सचिननं प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी कूलरकडे पाहिलं.

दिपालीला नोकरी लागली. आळीत पेढे वाटले ते प्रभाकररावांनी स्वतः, घरोघरी जाऊन. पण प्रत्येक दारात त्यांच्या तोंडून निघालं ते ‘घ्या’ एवढंच.

शाळा सुरू झाली आणि एक दिवस ऑटो दारात आला. दिपालीनं तो मेलेला डबा उचलून आत ठेवला आणि घेऊन गेली. प्रभाकररावांच्या काळजात कळ आली. भंगारात दिला असणार. “निदान मले विचारायचं तं,” ते आनंदाबाईंना म्हणाले.

“विचारलं असतं तं तुमी दिला असता का?”

दोन-चार दिवस त्यांनी रोज चहाला नावं ठेवली. मग दिपालीच म्हणाली, “बाबा, शनिवारी शाळेत या. मुलांना तुम्हाला भेटायचंय.”

पाचवीच्या वर्गात मधोमध टेबलावर डबा होता. एक बाजू उघडलेली, आत प्रत्येक भागाला दिपालीच्या अक्षरातली चिठ्ठी: हा पंखा, ही मेमरी, हा मदरबोर्ड. शेजारी आनंदाबाईंची माऊसची टोपी, झालरीसकट. बाहेर स्वस्तिक तसंच्या तसं. मुलं भोवती गोळा होऊन बोटं घालत होती.

“मॅडम, हा चालते का?” एकानं विचारलं.

“नाही चालत. चालत असता तर त्याला कोणी उघडू दिलं असतं? हा माझ्या बाबांनी आपल्या वर्गाला दिलाय. म्हणून आपल्याला आत पाहायला मिळतं. काय म्हणायचं आजोबांना?”

“थँक्यू आजोबा!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

किती सोपं होतं ते! एवढीएवढी पोरं, त्यांना जमलं. प्रभाकररावांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्यांनी रुमालही काढला नाही. त्यांनी घसा साफ केला. दिपालीला वाटलं, आता नळाचं विचारतील.

“थँक्यू, दिपाली,” प्रभाकरराव म्हणाले. “मागच्या साली तू होती म्हणून मी उभा हावो. थँक्यू.”

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, नुसतं दिपाली नाई म्हणायचं. मॅडम म्हणायचं.”

प्रभाकरराव साहेबांपुढे उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले.

“थँक्यू, मॅडम.”

दिपालीनं फळ्याकडे तोंड केलं. खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग घसा साफ करून तिनं विचारलं, “बाबा, नळ आला होता का हो सकाळी?”